वात आणि तिचा पीळ

दिवाळीच्या आधी महिनाभर अनेक घरांत मेण वितळू लागते. बचत गटांतल्या बायका, कॉलेजात जाणारी मुले, घरातूनच छोटा व्यवसाय करणारी माणसे साचे मांडून बसतात. मेण कोणते घ्यावे, रंग किती घालावा, सुगंध कधी मिसळावा यावर भरपूर बोलणे होते. मधोमध उभ्या असलेल्या वातीबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. दुकानातही बहुतेक जण ‘मेणबत्तीचा दोरा द्या’ असेच म्हणतात. हा दोरा ऐन वेळी संपला की शिवणाचे रीळ, सुतळी, देवघरातल्या फुलवाती, बुटाची नाडी, जे हाताशी असेल ते साच्यात जाते. मग मेणबत्ती तडतडते, धूर सोडते, मध्यभागी खड्डा पाडून स्वतःच्याच मेणात बुडते, आणि दोष मेणाला दिला जातो.

या फसगतीचे मूळ मला शब्दात दिसते. ‘दोरा’ म्हटले की एकाच्या जागी दुसरा चालेल असे सहज वाटते. ‘वात’ म्हटले की तसे वाटायला नको, कारण वात ही घडवलेली गोष्ट आहे आणि ती कशी घडते हे तिच्या नावातच आहे. ते नाव कुठून आले, त्याला कोणकोणती रूपे मिळाली आणि मेणबत्ती करणाऱ्याला त्यातून काय घेता येईल, याचा हा विचार.

मराठी ‘वात’ संस्कृत ‘वर्ति’पासून आली. ‘वर्ति’च्या मुळाशी ‘वृत्’ हा धातू आहे. वळणे, फिरणे हा त्याचा मूळ अर्थ. वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन, वृत्त ही सगळी त्याच धातूची प्रजा. तेव्हा वर्ति म्हणजे वळून केलेली लांबट वस्तू. ती कापसाचीच असावी किंवा दिव्यासाठीच असावी, अशी अट या शब्दात नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांत हे स्पष्ट दिसते. डोळ्यांसाठी औषधाची कांडी ती अंजनवर्ति, गुदमार्गाने द्यायच्या औषधाची वळी ती फलवर्ति, औषधी धूर घेण्यासाठी केलेली ती धूमवर्ति. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात धूमवर्तीची कृतीच दिली आहे. औषधे वाटून त्यांचा लेप बोरूसारख्या काडीवर द्यायचा, अंगठ्याएवढी जाड आणि आठ अंगुळे लांब अशी जवाच्या आकाराची कांडी करायची, ती वाळली की आतली काडी काढून घ्यायची आणि मग ती पेटवायची. आपली उदबत्ती या धूमवर्तीच्या नात्यातली. फरक इतकाच की उदबत्तीत काडी आतच राहते. ‘उद’ म्हणजे अरबी ‘ऊद’, अगरूचे सुगंधी लाकूड. अगरबत्तीतला ‘अगर’ही तोच. नावे दोन, लाकूड एकच.

‘वर्ति’ची ‘वात’ झाली ती मराठीच्या नेहमीच्या रीतीने. संस्कृतातले जोडाक्षर प्राकृतात एकाच व्यंजनाचे द्वित्त होते. पुढे मराठीत ते द्वित्त सुटते आणि आधीचा स्वर लांबतो. सर्प, सप्प, साप. कर्ण, कण्ण, कान. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. त्याच ओळीत वर्ति, वत्ति, वात. प्राकृतात ‘वत्ति’च्या जोडीला ‘वट्टि’ असेही रूप होते. तेही मराठीने टाकून दिले नाही. दीपवर्ति, दीववट्टि, दिवटी अशी त्याची वाट. खंडोबाच्या कुळाचारात दिवटी आणि बुधली यांची जोडी असते. दिवटी म्हणजे जळती मशाल आणि बुधली म्हणजे तिला पाजायच्या तेलाचे भांडे. दिवटी धरणारा तो दिवट्या. म्हणजे एकाच ‘वर्ति’चा ‘त’ देवघरातल्या वातीत राहिला आणि ‘ट’ खंडोबाच्या दिवटीत. ‘वृत्’ धातूचे आणखी दोन ‘ट’ रोजच्या बोलण्यात आहेत: ‘वर्त्मन्’पासून आलेली वाट आणि ‘वर्तुल’पासून आलेले वाटोळे.

र गळून गेल्यामुळे ‘वात’ एका जुन्या शब्दाच्या शेजारी येऊन बसली. संस्कृत ‘वात’ म्हणजे वारा. त्याचा धातू ‘वा’, म्हणजे वाहणे. ‘वृत्’शी त्याचे काही नाते नाही. तो पुल्लिंगी, आपली दिव्याची वात स्त्रीलिंगी. मराठीत वाऱ्याला ‘वारा’ हाच बोलीतला शब्द असल्याने पुल्लिंगी ‘वात’ वैद्यकापुरता आणि वाक्प्रचारांपुरता उरला: संधिवात, वातविकार, वात आणणे. ‘या पोराने वात आणला’ म्हणताना आपण वायूच्या प्रकोपाबद्दल बोलत असतो, दिव्याबद्दल नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या स्थिर चित्ताला निवात जागी ठेवलेल्या दिव्याची उपमा आहे. तिथला ‘निवात’ म्हणजे जिथे वारा नाही असा. मराठी वाचकाला त्या एका उपमेत दोन्ही वाती दिसतात: एक नसलेली आणि एक जळणारी.

आता ‘बत्ती’. हीही ‘वर्ति’चीच मुलगी, पण उत्तरेत वाढलेली. पंजाबीसारख्या भाषांनी प्राकृतातले द्वित्त सोडले नाही. त्या अजून ‘सत्त’, ‘हत्थ’ म्हणतात. त्याच वळणाने ‘बत्ती’ हे रूप टिकले. हिंदीत ‘बाती’ही आहे आणि ‘बत्ती’ही. मराठीत ‘बत्ती’ बाहेरून आली. आली तेव्हा तिचा अर्थ वातीपुरता राहिला नव्हता. पेटवायचे साधन आणि दिवा असे दोन्ही अर्थ तिला चिकटले होते. तोफेला बत्ती देतात, सुरुंगाला बत्ती देतात. गॅसबत्तीत कापसाची वात नसते. तिथे जाळी तापून प्रकाश देते, तरी नाव बत्तीच. ग्रामपंचायतीच्या पावतीवर घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या जोडीला दिवाबत्ती कर असतो आणि तो विजेच्या खांबांसाठी भरायचा असतो. वळलेल्या कापसाचे नाव पुढे सरकत सरकत विजेच्या दिव्यापर्यंत गेले.

मेणबत्ती या सरकत्या अर्थाचीच निर्मिती. तिच्यातले ‘मेण’ अस्सल घरचे आहे. संस्कृतात मधमाशांच्या मेणाला ‘मदन’ असाही शब्द होता. मदन, मयण, मेण असा त्याचा प्रवास. गुजरातीत तेच मीण झाले आणि मेणबत्तीला मीणबत्ती म्हणतात. हिंदीने मात्र फारसी ‘मोम’ घेतले आणि मोमबत्ती केली. मराठीने मेण स्वतःचे ठेवले आणि बत्ती उसनी घेतली. कोकणीने दोन्ही स्वतःचे ठेवले: गोव्यात मेणबत्तीला ‘मेणवात’ म्हणतात. चर्चमध्ये, क्रुसापुढे, सणाच्या नोव्हेनात लागणाऱ्या या वस्तूचे नाव कोकणी माणसाने आपल्याच दोन शब्दांनी बांधले. मेणात वसवलेली वात, मेणवात. अर्थ इतका उघडा की समजावून सांगायला नको.

मराठीत मेणबत्तीतल्या बत्तीचा अर्थ विसरला गेला. म्हणून आपल्याला ‘मेणबत्तीची वात’ म्हणावे लागते. व्युत्पत्तीच्या अंगाने पाहिले तर त्यात वर्ति दोनदा येते. त्यात गैर काही नाही. अर्थ झिजला की भाषा असे दुसऱ्यांदा सांगतेच. चिंता वाटते ती पुढच्या पायरीची. आता ‘मेणबत्तीची वात’ही मागे पडून ‘मेणबत्तीचा दोरा’ रुळतो आहे. वळणे, पीळ, घडण हा जो अर्थ ‘वर्ति’पासून ‘वात’पर्यंत टिकला, तो ‘दोरा’ म्हणताच सुटतो.

पीळ ही कल्पना एकट्या संस्कृताची नाही. मराठीत पेटत्या चिंधीला किंवा मशालीला पलिता म्हणतात. हा शब्द फारसीतून आला आणि फारसीत अरबी ‘फतीला’वरून. अरबी ‘फतल’ म्हणजे पिळणे, वळणे. एकमेकांशी काही नाते नसलेल्या दोन भाषाकुळांनी वातीला नाव देताना तिचा पदार्थ पाहिला नाही, हाताची क्रिया पाहिली. कापूस, ताग, चिंधी, बोरू काहीही असो, ते वळले की वात. मराठी बायकाही वाती ‘करत’ नाहीत, ‘वळतात’. ‘वळणे’चा धातू वेगळा, पण कल्पना तीच. लाडू वळायचे, शेवया वळायच्या, दोर वळायचा आणि वाती वळायच्या.

फारसीने आणखी एक कामाचा शब्द दिला: गुल. गुल म्हणजे फूल. जळत्या वातीच्या टोकाला काजळीचा जो काळा गोळा धरतो, त्यालाही गुल म्हणतात. तो कातरला की ज्योत नीट होते. जास्त कातरला तर दिवाच जातो. ‘दिवे गुल झाले’ हा आपला रोजचा वाक्प्रचार तिथून आला. आज मेणबत्ती करणारे वातीच्या टोकावरच्या याच गोळ्याला ‘मशरूम’ म्हणतात आणि वात फार जाड झाल्याची ती खूण मानतात. मराठीत त्यासाठी शब्द होता आणि आहे. ‘वातीला गुल धरला’ म्हणावे, सगळे कळते.

दिव्याच्या दुनियेत शब्द असे जागा बदलत राहतात. ‘समई’चा संबंध कोशकार अरबी-फारसी ‘शमा’शी लावतात. शमा म्हणजे मेण, मेणबत्ती. मराठी समईत मात्र मेण नाही, तेल असते. ‘कंदील’ अरबी ‘किंदील’वरून आला, तो ग्रीकमधून, आणि ग्रीकने तो घेतला लॅटिन ‘कँडेला’वरून. इंग्रजी कँडल त्याच लॅटिन शब्दाची. म्हणजे दिवाळीचा आकाशकंदील आणि इंग्रजांची कँडल सख्खी भावंडे. त्या लॅटिन शब्दाचा धातू प्रकाशणे या अर्थाचा आहे आणि आपला ‘चंद्र’ त्याच मूळ धातूवरून आलेला. इंग्रजीने मेणबत्तीला उजेडावरून नाव दिले, मराठीने आणि कोकणीने आतल्या वातीवरून. करणाऱ्याच्या दृष्टीने आपले नाव अधिक नेमके आहे, कारण उजेड कसा पडणार ते वातच ठरवते.

आपल्या परंपरेत वातीचे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे नाव त्याचे काम सांगते. फुलवात: खाली कापसाची गोल बैठक, वर निमुळते टोक, निरांजनात तुपात बसते. तेलवात: लांब, सैल वळलेली, समईच्या कडेला टेकून तेलात पडून राहते. काडवात: काडीला कापूस गुंडाळून केलेली. काकडा: चिंध्या पिळून केलेली जाड वात, पहाटे देवापुढे तो पेटवतात म्हणून काकड आरती. लक्ष वातींच्या व्रतासाठी बायका महिनोन्‌महिने सरकी काढलेला कापूस घेऊन, बोटाला दूध किंवा भस्म लावून वाती वळत. त्या बोटांना कोणत्या कापसाला किती पीळ द्यावा हे पक्के ठाऊक होते. इंधन, भांडे आणि वात यांची जोडी जमली पाहिजे, हे ज्ञान या नावांत साठले आहे. फुलवात समईत घालत नाहीत आणि काकडा निरांजनात घालत नाहीत. मेणबत्तीत मात्र आपण काहीही घालतो.

वातीचे काम काय? जळते ते मेण; वात ते मेण ज्योतीपर्यंत पोचवते. ज्योतीच्या उष्णतेने मेण पातळ होते, तंतूंमधल्या बारीक पोकळ्यांतून वर चढते, वर गेल्यावर त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते. मायकेल फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०–६१ च्या नाताळात मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्याने दिली. त्यांत त्याने बशीत मिठाचा खांब उभा करून भोवती निळे पाणी ओतले आणि ते पाणी खांबातून वर चढताना दाखवले. या चढण्यालाच केशाकर्षण म्हणतात. पोकळ्या फार अरुंद असतील तर मेण पुरेसे येत नाही आणि ज्योत उपाशी राहते. फार मोकळ्या असतील तर मेण गरजेपेक्षा जास्त येते आणि काजळी धरते. पीळ कमी-जास्त केला की या पोकळ्या कमी-जास्त होतात. वातीचे सगळे शास्त्र पिळात आहे ते असे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपातल्या मेणबत्त्यांत सरळ पीळ दिलेला सुती दोर असे. तो ज्योतीच्या मधोमध ताठ उभा राही. तिथे हवा पोचत नसल्याने त्याचे टोक जळून जात नसे, गुल वाढत जाई, आणि चरबीच्या मेणबत्तीची वात दर काही मिनिटांनी कातरावी लागे. त्यासाठी खास कातऱ्या होत्या. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये कांबासेरे याने वेणीसारखी गुंफलेली वात आणली. गुंफणीतल्या ताणामुळे ही वात जळताना एका बाजूला वाकते. वाकलेले टोक ज्योतीच्या कडेला येते, तिथे त्याला हवा मिळते आणि ते राख होऊन जाते. त्याच सुमारास शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाच्या चरबीवरच्या संशोधनातून स्टिअरिनच्या कडक, स्वच्छ जळणाऱ्या मेणबत्त्या आल्या. पुढे वात बोरिक आम्लाच्या द्रावणात भिजवण्याची रीत रुळली. आज पॅकेटात मिळणारी पांढरी सुती वात ही त्या गुंफणीची वारस. साध्या दोऱ्यात ही गुंफण नसते, म्हणून तो वातीसारखा दिसला तरी वातीसारखा जळत नाही.

या कसोटीवर घरातले पर्याय पाहू. फुलवात तुपात उत्तम जळते, कारण तूप हाताच्या उबेनेही पातळ होते. मधमाशांचे मेण वितळायला ६० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते. तेवढे मेण पातळ होऊन सैल टोकापर्यंत पोचण्याआधीच फुलवातीचा कापूस जळून जातो. तेलवात लांब असते, पण तिला आडवे पडून राहायची सवय. भोवतीचे मेण वितळले की ती उभी राहू शकत नाही, कलते आणि बुडते. कंदिलाची किंवा वातीच्या स्टोव्हची वात पातळ रॉकेलसाठी विणलेली असते. ती वाकून स्वतःला जाळत नाही आणि छोट्या मेणबत्तीत ज्योत फार मोठी करते. सुतळी तागाची, खरखरीत आणि धूर करणारी. शिवणाचे रीळ आणि बुटाची नाडी बहुधा पॉलिस्टरची असते. पॉलिस्टर जळताना वितळून त्याचा कडक गोळा होतो आणि मेण वर येण्याचा मार्गच बंद होतो. शंका असेल तर दोऱ्याचा तुकडा चिमट्यात धरून पेटवावा. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. गोळा उरला तर तो दोरा वातीच्या कामाचा नाही.

मग घरात काय चालेल? शुद्ध सुती धागा. वटपौर्णिमेला वडाला गुंडाळतात ते कच्चे सूत, किंवा क्रोशाचा सुती दोरा. मात्र एकेरी नाही. सारख्या ताणाने तिपेडी वेणी घालायची. वेणी सैल राहिली तर मेण जास्त येईल, फार आवळली तर कमी. मग ती टाकणखार आणि मीठ घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवायची: पेलाभर पाण्यात दोन चमचे टाकणखार आणि एक चमचा मीठ. टाकणखार म्हणजे संस्कृतातला टंकणक्षार, सोनार डाग देताना वापरतात तो. तो पोटात जाता कामा नये, म्हणून मुलांपासून दूर ठेवावा आणि त्याची भांडी स्वयंपाकाला वापरू नयेत. या खारामुळे वात सावकाश जळते आणि विझल्यावर फार वेळ धुमसत नाही. भिजवलेली वेणी पूर्ण वाळवायची, कारण ओल राहिली की ज्योत तडतडते. शेवटी ती वितळलेल्या मेणात बुडवून सरळ ताणून थंड करायची. मेणाने आतली हवा निघून जाते आणि वात ताठ होते. अशी केलेली वेणी ही खरी वात. तोवर ते सूतच होते.

विकतच्या वातींतही फरक आहेत आणि ते समजून घेतले तर एकीच्या जागी दुसरी घालता येते. चपटी गुंफलेली वात वाकते. उभ्या, बारीक मेणबत्त्यांना ती चांगली. चौकोनी विणीची वात जास्त ताठ आणि मोकळी. मधमाशांच्या दाट मेणाला ती लागते. काचेच्या भांड्यात किंवा डब्यात ओतलेल्या मेणबत्तीत मेणाचे तळे होते. त्यात वात उभी राहावी म्हणून आत कागदाचा, सुताचा किंवा जस्ताच्या बारीक तारेचा गाभा घालतात. आपल्या काडवातीतली काडी काही अंशी हेच करते. पूर्वी गाभ्यासाठी शिसेही वापरत. शिशाची वाफ आरोग्याला घातक असल्याने अमेरिकेने २००३ मध्ये शिशाच्या गाभ्याच्या वातींवर बंदी घातली. निनावी पॅकेटातल्या वातीत तार दिसली आणि ती कागदावर घासल्यावर पेन्सिलीसारखी राखाडी रेघ उठली, तर ती वात वापरू नये.

जाडी किती हवी हे भांड्याच्या व्यासावर आणि मेणावर ठरते. हिशोबापेक्षा तुलना बरी. एकच मेण आणि एकसारखी तीन भांडी घ्यावीत, वेगवेगळ्या जाडीच्या तीन वाती लावाव्यात आणि शेजारी शेजारी पेटवाव्यात. पेटवण्याआधी प्रत्येक वात पाऊण सेंटिमीटरहून कमी ठेवावी. दोन-तीन तासांनी पाहावे. मेण कडेपर्यंत वितळले नसेल आणि मध्येच विहीर झाली असेल तर वात बारीक. ज्योत नाचत असेल, काच काळी पडत असेल, टोकाला गुल धरत असेल तर वात जाड. ज्योत शांत आणि तळे कडेपर्यंत, ती वात त्या भांड्याची. सुगंध किंवा रंग बदलला तर पुन्हा पाहावे लागते, कारण त्यांचे कण वातीच्या पोकळ्यांत अडकतात.

अलीकडे लाकडी वात आली आहे. पातळ लाकडाची पट्टी मेणात उभी करतात आणि ती जळताना शेकोटीसारखी कडकड आवाज करते. इथे कोणी विचारील की वात म्हणजे वळलेली, मग लाकडाला पीळ कुठे? आक्षेप योग्य आहे. लाकडात पीळ नाही, पण झाडाने पाणी वर नेण्यासाठी केलेल्या नळ्या आहेत आणि मेण त्यांतूनच चढते. पीळ जे काम करतो ते इथे निसर्गाने आधीच केलेले आहे. इंग्लंडातले गरीब लोक लव्हाळ्याच्या गाभ्याला चरबी लावून दिवे करत, तेही याच तत्त्वावर. मराठीला या विस्ताराची सवय आहे. जी भाषा औषधाच्या कांडीला वर्ति म्हणणाऱ्या संस्कृताची लेक आहे आणि जिने विजेच्या दिव्यालाही बत्ती म्हटले, तिला ‘लाकडी वात’ म्हणायला अडचण नाही. शब्द कामाला धरून ताणला तर तो सशक्त होतो. ‘दोरा’ मात्र कामाला धरून आलेला नाही, केवळ दिसण्यावरून आला आहे.

मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशापासून दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत आणि कृ. पां. कुलकर्णी यांच्या १९४६ च्या व्युत्पत्तिकोशापर्यंत आपल्या कोशकारांनी घराघरातले असे शब्द गोळा करून ठेवले. ते कोशात राहिले म्हणजे जिवंत राहिले असे नाही. हातात जोवर काम आहे तोवरच शब्द जिवंत. वाती वळण्याचे काम कमी झाले, पण मेणबत्त्या ओतण्याचे काम वाढते आहे. आणि वातीचा शब्दसंग्रह त्या कामाला आयता मिळू शकतो.

म्हणून मेणबत्तीचे वर्ग घेणाऱ्यांना, त्यावर मराठीत लिहिणाऱ्यांना आणि सामान विकणाऱ्यांना माझी विनंती आहे. गुंफलेली वात, चौकोनी विणीची वात, गाभ्याची वात, लाकडी वात, गुल हे शब्द वापरा. आणि मेणबत्ती करणाऱ्यांनो, दुकानात दोरा मागू नका, वात मागा. मेण कोणते, भांड्याचा व्यास किती आणि सुगंध किती, हेही सोबत सांगा. मिळालेली वात आधी एकाच भांड्यात घालून जाळून पाहा आणि मगच बाकीचे साचे भरा.